मुलगा १६ चा झाला, त्याचं लेगो कलेक्शन विकायचंय. सगळं एकत्र विकू की वेगवेगळं?

पूर्ण असलेले सेट एकेक करून वेगळे विका आणि उरलेला सुटा ढीग किलोवर द्या. सगळं एका खोक्यात भरून दिलं की घेणारा सुट्या विटांचाच भाव लावतो आणि त्यात जे खरं महागाचं असतं, म्हणजे ती छोटी माणसं, मिनिफिगर, ती फुकटात जातात, स्टार वॉर्सवाली तर आधी बाजूला काढा. मी जुने सेट घेत-विकत असतो म्हणून सांगतो, पुस्तिकेवर सेटचा नंबर असतो तो ब्रिकलिंकवर (लेगो खरेदी-विक्रीची वेबसाइट) टाकायचा, मागच्या ६ महिन्यांत तो सेट खरंच कितीला गेला ते दिसतं (लोक काय मागतायत ते नका बघू, विकला कितीला गेला ते बघा). पुस्तिका हरवली असेल तर लेगोच्या साइटवर बहुतेक सेटची पीडीएफ फुकट मिळते, तिच्यावरून पार्ट जुळवून घ्या. विटेवरच्या गोल गुंड्यांवर बारीक अक्षरात लेगो लिहिलेलं असतं, ते नसलेले तुकडे यात मिसळू नका, गिऱ्हाईक लगेच ओळखतं. फक्त ब्रिकलिंकवरचे भाव जास्त करून अमेरिका-युरोपातल्या विक्रीचे असतात, इकडे ओएलएक्सवर तेवढे मिळतीलच असं नाही.