पिवळा किडा, पिवळी मारबत

प्रश्न : मॅडम, माझा मुलगा बारा वर्षांचा आहे. आम्ही पाचव्या माळ्यावर राहतो. उन्हाळ्यात लाइट गेली आणि तो वीस मिनिटं लिफ्टमध्ये एकटाच अडकला. तेव्हापासून दप्तर पाठीवर घेऊन पाच माळे चढून येतो, पण लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही. सुटीत मावसभावाकडून ग्रीन लँटर्नची कॉमिक्स घेऊन आला. आता वहीच्या पानापानावर दात विचकलेला एक पिवळा किडा काढून राहिला आहे. लिफ्टचं विचारलं की म्हणतो, "आई, मी नाही घाबरलो. माझ्यात पॅरलॅक्स घुसला." हा पॅरलॅक्स आहे तरी कोण? सासूबाई म्हणतात, असली पुस्तकं घरातच नको. काढून घेऊ का?
— एक आई, मानेवाडा

उत्तर : ताई, काढून घेऊ नका. तुमच्या मुलाला जे बोलता येत नाहीये, ते त्या पुस्तकानं त्याला काढून दाखवलं आहे.

आधी पॅरलॅक्सची ओळख करून देते. ग्रीन लँटर्न म्हणजे हिरवा कंदील. अंतराळाची राखण करणाऱ्या एका दलाचे हे शिपाई. प्रत्येकाच्या बोटात हिरवी अंगठी, आणि ती अंगठी चालते मनाच्या निर्धारावर. मनात जे धराल ते हिरव्या प्रकाशातून उभं राहतं. त्यांच्यातला सगळ्यात गाजलेला शिपाई म्हणजे हॅल जॉर्डन. जॉन ब्रूम आणि गिल केन ह्या जोडीनं तो १९५९ साली आणला. त्याच्या अंगठीत एक उणीव होती. पिवळ्या रंगाच्या वस्तूवर ती चालायची नाही. पिवळा बाण आला की हिरवी ढाल कुचकामी. कित्येक वर्षं वाचकांनी हे गोष्टीतला नियम म्हणून मान्य केलं होतं.

मग २००४ साली लेखक जेफ जॉन्स ह्यांनी त्या नियमाला कारण दिलं. पॅरलॅक्स म्हणजे साक्षात भीती. विश्वात जिथं जिथं कोणी घाबरलं, त्या भीतीवर पोसलेला हा अतिप्राचीन जीव, दिसायला किड्यासारखा, रंगानं पिवळा. हे दल चालवणाऱ्या, ओआ ग्रहावरच्या गार्डियन्सनी त्याला पकडून आपल्या मुख्य दिव्यातच कोंडलं आणि त्याचं नाव कोणापुढे काढलं नाही. सगळ्या अंगठ्यांना शक्ती मिळते ती त्याच दिव्यातून. म्हणजे निर्धाराच्या दिव्यातच भीती बंद, आणि म्हणून अंगठी पिवळ्यापुढे लटकी पडते. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा पुस्तक मांडीवर उलटं ठेवून बराच वेळ बसून राहिले होते. किती घरांमध्ये भीती अशीच कोंडून ठेवलेली असते आणि तिचं नाव काढायची बंदी असते!

पुढचा भाग तुमच्या कामाचा आहे. त्या गोष्टीत पिवळ्यावर अंगठी चालवायची युक्ती सापडते. जो शिपाई आपली भीती ओळखतो, ती आपली आहे असं कबूल करतो, त्याची अंगठी पिवळ्यावरही चालते. मला भीती नाहीच असं म्हणणाऱ्याची चालत नाही. तुमच्या मुलानं पुस्तकाचा अर्धा भाग उचलला आहे. किडा घुसला, हे त्यानं घेतलं. घाबरलो मीच, हे अजून घेतलेलं नाही.

मी महालातल्या एका शाळेत चित्रकला शिकवत होते. एकदा सहावीच्या वर्गाला सांगितलं, भीतीचं चित्र काढा. वाटलं, चाळीस पोरं चाळीस भुतं काढतील. भूत एकानंही काढलं नाही. एका पोरीनं बंद दार काढलं आणि दाराखालच्या फटीतून येणारा उजेड. एका पोट्ट्यानं फक्त एक चप्पल काढली, मोठ्या माणसाची. मी काही विचारलं नाही, त्यानंच पेन्सिलीनं खाली लिहिलं, "बाबा आले." त्या दिवसानंतर मुलाच्या हातातलं असलं चित्र मी कधी खोडायला लावलं नाही.

आणि आपल्या नागपूरच्या माणसाला तर हे नवीन वाटायलाच नको. मी सात-आठ वर्षांची असेन. तान्ह्या पोळ्याची सकाळ. बाबांनी मला खांद्यावर घेतलं आणि इतवारीत नेहरू पुतळ्यापाशी उभे राहिले. एका अंगानं काळी मारबत येत होती, दुसऱ्या अंगानं पिवळी. मारबत म्हणजे मिरवत नेऊन जाळायचा बाईचा भला मोठा पुतळा. काळीची परंपरा १८८१ पासूनची, पिवळीची १८८५ पासूनची. गर्दी ओरडत होती, "ईडा, पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!" पिवळी मारबत जवळ आली, ते मोठ्ठे डोळे माझ्या अगदी समोर आले आणि मी बाबांचे केस मुठीत धरून किंचाळले. बाबा म्हणाले, "डोळे मिटू नको. पाह्य तिच्याकडे. ती काही घ्यायला आली नाही, घेऊन जायला आली आहे." मी पाहिलं. रात्री पुन्हा घाबरले, ते खरंच. पण आता त्या भीतीला रंग होता, डोळे होते, आणि ती नाईक तलावाकडे गेली होती हे मला ठाऊक होतं.

पिवळी मारबत आणि पिवळा पॅरलॅक्स ह्यांच्या रंगाचा एकमेकांशी काही संबंध नाही. उगाच जोडू नये. पिवळीला आपल्याकडे कोणी वाईट मानत नाही, लोक तिची पूजा करतात. पण मनातलं काळंबेरं बाहेर काढायचं, त्याला हातपाय-डोळे द्यायचे, भर रस्त्यानं न्यायचं आणि गावाबाहेर जाळायचं, ही रीत आपली शंभरावर वर्षांची आहे. मारबतीबरोबर निघणाऱ्या बडग्यांमध्ये, म्हणजे पुतळ्यांमध्ये, आपण महागाई आणि भ्रष्टाचारसुद्धा काढतो. तुमचा मुलगा वहीत तेच करतो आहे. सासूबाईंना मारबतीची आठवण द्या, त्या समजतील.

आता करायचं काय? त्याच्याजवळ बसा आणि किड्याबद्दल विचारा, लिफ्टबद्दल नको. घुसतो तेव्हा कुठं बसतो, पोटात की छातीत? कधी मोठा होतो? लिफ्टचं दार लागल्यावर, की त्याच्याही आधी? मग त्याला लिफ्टचं चित्र काढायला सांगा, त्यात किडाही आणि तो स्वतःही. स्वतःला काढायला विसरू देऊ नका, तेच महत्त्वाचं. नंतर एखाद्या दुपारी दार उघडं ठेवून दोघं नुसते आत उभे राहा. दुसऱ्या दिवशी एकच माळा. "एवढा मोठा झाला अन् घाबरतो काऊन?" हे वाक्य घरात कोणालाही उच्चारू देऊ नका. झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, तर मात्र चित्रावर भागवू नका, मुलांच्या समुपदेशकाकडे न्या.

प्रश्न : ह्या कॉमिक्समध्ये नारिंगी रंग हावेचा का? आम्ही संत्रानगरीचे लोक, वाईट वाटतं.
— एक वाचक, कळमना

उत्तर : त्यांनी इंद्रधनुष्यातले सात रंग ओळीनं घेऊन एकेक भावना वाटून दिली आहे. तांबडा संताप, नारिंगी हाव, पिवळी भीती, मधोमध हिरवा निर्धार, मग निळी आशा, पारवा करुणा आणि जांभळं प्रेम. नारिंगी संताप आणि भीती ह्यांच्या मध्ये पडला, एवढंच. पण त्यातला लारफ्लीझ जरूर वाचा. बाकी रंगांची दलं आहेत, नारिंगीचा शिपाई हा एकटाच, कारण त्याला कंदील कोणाबरोबर वाटून घ्यायचा नाही. त्याच्याभोवती जी फौज दिसते ती त्यानंच मारलेल्यांच्या प्रकाशातल्या आकृत्यांची. संत्रं सोलल्यावर फोडी समोरच्याच्या हातावर ठेवणारे आपण, आपला रंग वेगळा.

प्रश्न : मॅडम, आमच्या हॉस्टेलवर वाद पेटला आहे. १९९४ मध्ये हॅल जॉर्डननं आपल्याच साथीदारांना मारलं, ते त्यानं केलं की पॅरलॅक्सनं? तुमचा कौल काय?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, नागपूर

उत्तर : माझा कौल १९९४ च्या गोष्टीला. पूर्ण गांभीर्यानं सांगते.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हॅलचं गाव कोस्ट सिटी उद्ध्वस्त होतं, ७० लाख माणसं मरतात. तो राखेत उभा राहून अंगठीच्या प्रकाशानं अख्खं गाव पुन्हा उभं करतो, आईवडील, घर, ओळखीची माणसं, सगळं. अंगठीची शक्ती संपते आणि गाव विरून जातं. वरून गार्डियन्स त्याला दटावतात की शक्ती स्वतःसाठी वापरलीस, हजर हो. तो हजर होतो तो वाटेत आलेल्या साथीदारांच्या अंगठ्या हिसकावत. किलोवॉग नावाच्या साथीदाराला मारतो, मुख्य दिव्यातली सगळी शक्ती पितो, आणि पुढं पॅरलॅक्स हे नाव तो स्वतःच घेतो. रॉन मार्झ ह्यांनी लिहिलेल्या ह्या गोष्टीत किडा कुठंच नाही. दुःखानं वेडा झालेला एक चांगला माणूस आहे, बस.

वाचक फार चिडले, वर्षानुवर्षं चिडलेले राहिले. त्यांचा नायक त्यांना परत हवा होता, आणि दहा वर्षांनी तो मिळाला. हॅलच्या कानशिलावरचे केस पांढरे झाले होते तेव्हाच भीती त्याच्यात शिरली होती, केलं ते तिनं केलं, असं २००४ मध्ये ठरलं. कल्पना म्हणून पॅरलॅक्स मला अतिशय आवडतो, वरच्या ताईंना मी मनापासून लिहिलं आहे. पण त्याच्यावर हॅलचा गुन्हा टाकला, तिथं मला दुखतं. राखेत बसून प्रकाशाची आई घडवणारा तो मुलगा मला समजत होता. त्याच्या आत किडा होता असं सांगून ते रडणंही त्याच्याकडून काढून घेतलं.

पॅरलॅक्स ह्या शब्दाचा खरा अर्थ खगोलशास्त्रातला आहे, आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथांत त्याला लंबन म्हणतात. नाकासमोर बोट धरा, एक डोळा मिटा, मग दुसरा. बोट जागचं हलत नाही, तरी उडी मारल्यासारखं दिसतं. तुमच्या हॉस्टेलवरचे दोन गट म्हणजे हे दोन डोळे आहेत. बोट मात्र एकच, आणि ते हॅलचं.

तुमच्या वादात एक गोष्ट सुटलेली दिसते. १९९६ मध्ये सूर्य विझत चालला होता तेव्हा ह्याच हॅलनं, पॅरलॅक्स असतानाच, आपला जीव देऊन तो पुन्हा पेटवला. साथीदार मारले ते किड्यानं आणि सूर्य पेटवला तो हॅलनं, ही वाटणी तुमच्यातला कोणी मला पटवून देऊ शकला, तर पत्र पाठवा. पुढच्या अंकात पूर्ण छापीन.