जीपचा शाफ्ट 3 इंच कमी पडतोय, तुकडा जोडू का?

प्रश्न: जुन्या जीपला दुसरा गिअरबॉक्स टाकला, तो निघाला आखूड, आता मागचा प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत फिरणारा पाईप) 3 इंच कमी पडतोय. मिस्त्री म्हणतो मधून कापून पाईपचा तुकडा वेल्ड करून देतो. जॉइंट क्रॉसपण (शाफ्टच्या टोकांचे अधिक-चिन्हासारखे सांधे) वाजतायत. घरी किती काम करता येईल?
— एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर: तुकडा नका जोडू हो, प्लीज. टॉप गिअर डायरेक्ट असेल तर इंजिन 3000 आरपीएमला असताना शाफ्टपण 3000नेच फिरतो, आणि पाईप सगळ्यात जास्त वाकायला बघतो तो मधेच, तिथेच तुमचे वेल्ड येणार. भेरूघाट उतरताना तो तुटला तर काय होईल याचा विचार करा. पूर्ण पाईप नवा घ्या, शाफ्टसाठीचाच, पाण्याचा जीआय पाईप चालत नाही.

माप घरीच घ्या, पण जीप चारही चाकांवर सपाट जागी उभी पाहिजे, जॅकवर घेतलेलं माप चुकतं कारण अ‍ॅक्सल खाली लोंबतो. फ्लँज ते फ्लँज (शाफ्ट बोल्टनं जोडतात त्या दोन चकत्या) मोजा, आणि स्लिप जॉइंट (शाफ्टचे एकमेकांत सरकणारे दातेवाले भाग) पूर्ण आत गेल्यावर जी लांबी होते त्यापेक्षा साधारण 1 इंच बाहेर राहील असा हिशोब धरा, म्हणजे खड्ड्यात आदळल्यावर तो आत ठोकणार नाही.

खोलण्याआधी स्लिपच्या दोन्ही भागांवर पंचनं खूण करा, हे फार महत्त्वाचं. क्रॉस जॉइंट तिरका फिरतो तेव्हा एका फेऱ्यात दोनदा वेग कमीजास्त होतो, दुसऱ्या टोकाचा जॉइंट ते भरून काढतो, पण दोन्ही योकचे (क्रॉस धरणारे दुबेळके) कान एका रेषेत असतील आणि दोन्हीकडचा अँगल सारखा असेल तरच. एक दात इकडचा तिकडे बसला तरी गाडी थरथरते.

क्रॉस बदलणं घरी आरामात होतं. सर्कलिप (कप अडकवणारी रिंग) काढा, वाइसमध्ये एका बाजूला लहान सॉकेट, दुसरीकडे मोठं, आणि दाबत जा, कप (क्रॉसच्या टोकावरची बेअरिंगची टोपी) बाहेर येतो. नवा बसवताना आतल्या सुया ग्रीसनं चिकटवून ठेवा, एखादी आडवी पडली की कप पूर्ण बसतच नाही आणि सर्कलिप खाचेत जात नाही. बसल्यावर योकला हलकी हातोडी मारा, क्रॉस हातानं मोकळा हलला पाहिजे.

वेल्डिंग मात्र सांवेर रोडच्या चांगल्या खरादवाल्याकडेच (लेथवाल्याकडे) द्या. तो जुने वेल्ड खरादवर कापेल, योक नव्या पाईपमध्ये घट्ट बसवेल, आधी समोरासमोर वेल्डचे छोटे टाके, मग शाफ्ट सरळ फिरतो का ते डायल गेजनं बघून पूर्ण वेल्ड. नंतर डायनॅमिक बॅलन्सिंग (शाफ्ट फिरवून त्याचा तोल साधणं), ते करत नसेल तर दुसरा खरादवाला शोधा. लांबी 10 टक्के वाढली तर तोच पाईप साधारण 17 टक्के कमी स्पीडलाच लचकायला लागतो, म्हणून बॅलन्स टाळून भागत नाही.

बसवताना फ्लँजला नवे लॉकनट टाका आणि थोडी गाडी चालली की परत एकदा कसून बघा.