मान उचलता येते का?

अतिदक्षता विभागात उभी हयात घालवलेल्या, लातूर जिल्ह्यातल्या एका निवृत्त परिसेविका या महिन्यात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देत आहेत.

प्रश्न : मी जीएनएम या नर्सिंगच्या डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आई-वडील कोयत्यावर जातात, त्यांच्या उचलीतून माझी फी भरली जाते. तीन आठवड्यांपासून आयसीयूत पोस्टिंग आहे. परवा व्हेंटिलेटरचा अलार्म वाजला तेव्हा मी स्क्रीनकडे बघत नुसती उभी राहिले. सिस्टर ओरडल्या, ‘बाजूला हो!’ एरवी मी फक्त स्पंज देते, कूस बदलते, तासातासाला चार्ट भरते. मी या कामाच्या लायकीची नाही का?
– एक विद्यार्थिनी, जि. बीड

उत्तर : लेकरा, ‘फक्त स्पंज देते’ हे वाचून मला माझं दुसरं वर्ष आठवलं.

फवारणीचं औषध प्यालेला एक शेतकरी आमच्याकडे होता, पंचविशीतला. दोन दिवस त्या विषावरचा उतारा म्हणून अ‍ॅट्रोपिन चालू होतं. तिसऱ्या रात्री लाळ थांबली, घाम थांबला, छाती मोकळी झाली, नाडी ११०. चार्ट बघितला तर त्याच्याइतका सुधारलेला पेशंट वॉर्डात दुसरा नव्हता. पहाटे दोनला उशीचा अभ्रा बदलायचा म्हणून मी त्याला म्हणाले, ‘दादा, जरा मान वर करा.’ त्याने डोळ्यांनी होकार दिला, पण मान उशीवरून उठली नाही. मी हाताने डोकं उचललं, अभ्रा बदलला आणि कुणालाच काही सांगितलं नाही. संध्याकाळीच एका चुकीवरून बोलणी खाल्ली होती. उगाच काही सांगितलं तर पुन्हा ऐकावं लागेल, असं वाटलं.

अर्ध्या तासाने बघते तर श्वास उथळ झालेला, ओठ काळपट. मग धावले. डॉक्टरांनी श्वासनलिकेत ट्यूब टाकली. नऊ दिवस तो व्हेंटिलेटरवर राहिला. वाचला, आईचा हात धरून चालत घरी गेला. पण तो अर्धा तास मला आजही झोपेतून उठवतो.

या विषबाधेत पहिला भर ओसरल्यावर, साधारण एक ते चार दिवसांच्या आत, काही पेशंटच्या स्नायूंची ताकद जाते. आधी मान, खांदे, मांड्या आणि मग श्वासाचे स्नायू. तिथे अ‍ॅट्रोपिनचा उपयोग होत नाही, श्वास यंत्रानेच द्यावा लागतो. आणि सॅच्युरेशनचा, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचा, आकडा पडतो तो सगळ्यात शेवटी. त्याच्या आधी मान सांगते. म्हणून स्पंज देताना दर खेपेला विचार, ‘मान उचलता येते का?’ एका श्वासात आकडे मोजायला लाव. सकाळी वीसपर्यंत जाणारा दुपारी आठवर अडकला, तर त्याच पावली सिस्टरांना सांग आणि चार्टवर वेळ टाकून लिही. डॉक्टर राऊंडला येऊन जातात, सिस्टरांकडे चार-चार बेड असतात. त्या माणसाच्या अंगाला तासातासाला हात लागतो तो तुझा.

आता अलार्म. वाजला की आधी पेशंटकडे बघ, स्क्रीन नंतर. छाती दोन्ही बाजूंनी हलते का? रंग कसा आहे? ट्यूब जागेवर आहे का, कुठे निसटली तर नाही? प्रेशर वाढल्याचा अलार्म असेल तर बहुतेकदा कफ साठलेला असतो, नळी दुमडलेली असते, पेशंट ट्यूब चावत असतो किंवा नळीत पाणी साचलेलं असतं. प्रेशर कमी झाल्याचा असेल तर कुठला तरी जोड सुटलाय का ते बघ. हे बघता बघताच मोठ्याने हाक मार. अलार्मचा आवाज बंद करून वाट बघत बसू नकोस. ड्युटीवर आलीस की प्रत्येक बेडच्या उशाशी अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) आहे का, ती ऑक्सिजनला जोडलेली आहे का आणि ट्यूब टाकताना घशात बघायच्या लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतो का, हे बघ. हे बघायला कुणाची परवानगी लागत नाही.

सिस्टर ओरडल्या. त्या क्षणी तुला बाजूला करणं बरोबरच होतं. पण पेशंट स्थिर झाल्यावर तुला परत बोलावून ‘बघ, असं झालं होतं’ हे सांगणं हेही त्यांचंच काम होतं, आणि ते राहिलं. माझ्या हाताखालच्या मुलींच्या बाबतीत माझ्याकडूनही ते कितीदा राहिलं, आता कळतं. तू आपणहून जा. हँडओव्हर झाल्यावर विचार, ‘सिस्टर, त्या दिवशी अलार्म कशाचा होता?’ सहसा कुणी नाही म्हणत नाही.

तू लायकीची आहेस. घाबरलीस, कारण समोर माणूस आहे हे तुला कळतं.

प्रश्न : ग्रामीण रुग्णालयात एक बाई सकाळी पोटदुखी आणि उलट्यांची तक्रार घेऊन आली. रात्री जमिनीवर झोपली होती. अंगावर ना खूण, ना सूज. तरी डॉक्टरांनी मण्यार चावली असं धरून सर्पविषावरची लस सुरू केली. त्यांना कसं कळलं? – इंटर्न, जि. नांदेड

उत्तर : पापण्यांवरून कळलं असणार. मण्यार बहुधा रात्री, झोपेतच चावते. दुखत नाही, सुजत नाही, खूणही पुष्कळदा सापडत नाही. सकाळी पोट दुखतं, मग पापण्या जड होतात, बोलणं जड होतं, गिळता येत नाही. नातेवाईक म्हणतात, ‘झोप झाली नाही तिची.’ ते ऐकून तू चार्टवर ‘झोपाळलेली’ असं लिहू नकोस. ‘वर बघा’ म्हण आणि पापणी किती वर जाते ते दर १५ मिनिटांनी लिही.

लस चालू असताना खाज, गांध्या, उलटी, धाप यांतलं काहीही दिसलं की लस थांबवून डॉक्टरांना बोलाव. अ‍ॅड्रेनलिन हे अशा त्रासावरचं औषध आधीच सिरिंजमध्ये भरून शेजारी ठेवलेलं असावं. आणि बेडच्या पायथ्याशी नको, उशाशी उभी राहा. पापणी तिथून दिसते.