ब्रायरच्या पाइपला रंग कसा चढवावा?

प्रश्न : आमचं सांगलीत कातकामाचं दुकान आहे. ब्रायरच्या (एका झुडपाच्या मुळाच्या गाठीचं कठीण लाकूड) ठोकळ्यांतून तंबाखूचे पाइप केले, लाल-काळा रंग देऊन वर चपड्याचं (लाखेचं) पॉलिश चढवलं. ओढताना पॉलिशला फोड येतात, रंगही हाताला लागतो. काय चुकलं?

उत्तर : पॉलिशचा थर जाड झाला. मिरजेच्या तंबोऱ्यावर चपड्याचे हात शोभतात, कारण तंबोरा तापत नाही. चपडा साधारण 75-80 अंशांना मऊ पडतो, त्यातच लाकडातली वाफ बाहेर यायला बघते, म्हणून फोड.

स्पिरिटने सगळं पुसून काढा. 220 आणि मग 400 नंबरच्या पॉलिशपेपरने घासा. वाटीच्या, म्हणजे तंबाखू भरायच्या भागाच्या, तोंडात बूच घाला. आत रंग अजिबात जाता कामा नये. स्पिरिटमध्ये विरघळणारा काळा रंग द्या, रात्रभर वाळवा. मग 400 नेच घासा, काळेपणा फक्त लाकडाच्या रेषांत उरेपर्यंत. त्यावर लाल. दुसऱ्या दिवशी स्पिरिटने ओलसर केलेल्या फडक्याने पुसत राहा, फडकं स्वच्छ निघेपर्यंत. ही पायरी टाळली की हात रंगणारच! शेवटी कापडी चाकावर कार्नोबा मेण (ताडासारख्या एका झाडाच्या पानांचं कडक मेण). ऑइलपेंट नको, तो रेषाच झाकतो.

रेषा सरळ असतील तर फिकट रंग आणि गुळगुळीत अंग ठेवा. खड्डे निघाले तर लांबी (पुटी) भरू नका, कोरून खरबरीत करा आणि गडद रंगवा. तोंडात धरायची काळी नळी एबोनाइटची (कडक रबराची) असेल तर उन्हात हिरवट पडते, त्यामुळे दुकानाच्या काचेत मांडायचे पाइप ॲक्रिलिक नळीचे करा.