पट्टा लावला की बसकण: ओढण्याआधी एवढं करून पाहा

पट्टा लावून गेटबाहेर नेलं की तुमची भुरी बसकण मारते, जागची हलत नाही, तिला चालायला कसं शिकवायचं, असं तुम्ही विचारलं आहे. तुमच्या वर्णनातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता सांगून टाकली आहे. भुरी गेटबाहेर उकडलेलं चिकनसुद्धा तोंडात घेत नाही. साडेतीन महिन्यांचं देशी पिल्लू, घरात सोफ्यावरून उड्या मारणारं, भांड्याचा आवाज आला की स्वयंपाकघरात हजर होणारं. ते चिकनकडे ढुंकून बघत नसेल तर हा हट्ट नव्हे. हट्टी कुत्रं आधी चिकन खातं आणि मग हट्ट करतं. भुरी घाबरली आहे.

त्यामुळे सोसायटीतले काका म्हणतात ते "दोन दिवस ओढा, आपोआप चालायला लागेल" मनावर घेऊ नका. गळ्याला पुढून ओढ बसली की कुत्रं मागे रेटा देतं, पाय रोवतं. तो त्याचा स्वभावच आहे, त्यात तुमचा अपमान करायचा हेतू नसतो. तुम्ही जितकं ओढाल तितकी ती मागे जाईल. ओढून चालायला लागणारी पिल्लं असतात, नाही असं नाही. पण ती कशी चालतात ते नीट बघा: शेपूट पोटाशी, कंपाउंडच्या भिंतीला अंग घासत, मान खाली. हीच पिल्लं वर्षाची झाली की पट्ट्यावर असताना समोरच्या प्रत्येक कुत्र्यावर भुंकताना मी पाहते. शिवाय कोवळ्या गळ्याला सतत हिसके बसणं वाईटच. पॉमेरेनियनसारख्या छोट्या जातींची श्वासनलिका मुळातच नाजूक असते आणि पग जातीच्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना श्वासाचा त्रास आधीपासूनच असतो, त्यांना तर ओढ गळ्यावर येऊच देऊ नये.

तुमच्याकडे दोन वेगळ्या अडचणी एकत्र झाल्या आहेत. एक म्हणजे अंगाला काहीतरी अडकवलंय आणि ते ओढतंय. दुसरी म्हणजे बाहेरचा रस्ता. दोन्ही एकाच वेळी तिच्या अंगावर टाकल्या की ती बसणारच. पट्टा घरात शिकवा, रस्ता कडेवरून दाखवा. दोन्ही जमलं की मग एकत्र करा.

आधी घरातलं. पट्टा जेवणाच्या अगदी आधी घाला, म्हणजे लक्ष वाटीकडे राहतं. खाजवेल, गोल फिरेल, फिरू द्या. पट्टा आणि मान यांच्यामध्ये दोन बोटं सहज जायला हवीत. या वयात पिल्लं भराभर वाढतात, म्हणून दर रविवारी बोटं घालून बघायची सवय लावून घ्या. पट्ट्याचं काही वाटेनासं झालं की त्याला हलकी सुती दोरी बांधा. हाताच्या मुठीचा फास काढून टाका, नाहीतर तो खुर्चीच्या पायात अडकतो आणि पिल्लाला पहिलाच धडा चुकीचा मिळतो. ही दोरी मागे फरफटत तिला घरभर हिंडू द्या, पण तुमच्या नजरेसमोरच. लोखंडी साखळी नको. ती जड असते, खणखणते आणि पायावर आपटते.

दोरी चावते म्हणालात. या वयात दुधाचे दात पडायला लागतात, हिरड्या शिवशिवतात, ती चावणारच. तुम्ही दोरी हिसकावली की रस्सीखेच सुरू होते आणि तिला तो खेळ भयंकर आवडतो. दोरी ढिली सोडून द्या, तिच्या तोंडात दुसरं काहीतरी द्या आणि चालत राहा.

आता खरं शिकवायचं ते. माझ्याकडे दत्तक जाईपर्यंत पिल्लं राहतात, आणि नव्या घरी जाण्याआधी प्रत्येकीला मी निदान एवढं तरी शिकवून पाठवते. दिवाणखान्यात, पंखा सोडून दुसरा आवाज नसताना, दोरी दोन बोटांत धरा. तिचा झोळ निघेल इतकीच ताणा, त्याहून जास्त नाही. आणि थांबा. ओढ वाढवायची नाही, बोलायचं नाही, तिच्याकडे टक लावून बघायचं नाही. ती आधी मागे रेटा देईल. तुमचा हात आहे तिथेच राहू द्या. काही क्षणांत ती अंगाचा भार थोडासा तुमच्या बाजूला टाकते. पाऊलही उचलत नाही कधी कधी, नुसता खांदा पुढे येतो. त्याच क्षणी दोरी सैल सोडा, "शाब्बास" म्हणा आणि चिकनचा तुकडा द्या. उशीर झाला तर सैल दोरीचा आणि त्या खांद्याचा संबंध तिला लागत नाही. ओढ आली की तिकडे सरकायचं, सरकलं की ओढ जाते, हे एकदा डोक्यात बसलं की निम्मं काम झालं. आणि हे पटकन बसतं. एका वेळी पाचेक मिनिटं पुरे. कंटाळायच्या आत थांबा.

मग चालणं. इथे बहुतेक जण पिल्लाकडे तोंड करून, वाकून, टाळ्या वाजवत मागे मागे जातात. अंगावर वाकलेला माणूस घाबरलेल्या पिल्लाला आणखी घाबरवतो. तिच्याकडे पाठ किंवा बाजू करून चालायला लागा. या वयाची पिल्लं आपल्या माणसाच्या मागे येतात, हे त्यांच्यात असतंच, त्याचा फायदा घ्या. ती गुडघ्यापाशी पोचली की खाऊ पँटच्या शिवणीपाशी द्या, तोंडासमोर नाचवत पुढे पुढे नेऊ नका. तुकडा हरभऱ्याच्या दाण्याएवढा. बिनमिठाचं उकडलेलं चिकन, पनीर, उकडलेलं अंडं, काहीही चालेल, तेवढं जेवणातून कमी करा. मनुका, द्राक्षं आणि चॉकलेट मात्र चुकूनही नको, ती कुत्र्यांना विषारी असतात.

आता रस्ता. लसीकरणाचं तुम्ही काही लिहिलेलं नाही. पिल्लांच्या लसी साधारण सहा ते आठ आठवड्यांत सुरू होतात, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात, रेबीजची तिसऱ्या महिन्यानंतर. भुरी साडेतीन महिन्यांची, म्हणजे बहुधा शेवटचा डोस बाकी असेल. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या जुलाबाच्या रोगाचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो, म्हणून डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत गल्लीतली कुत्री जिथे घाण करतात तिथे तिला खाली ठेवू नका. पण म्हणून घरात कोंडूनही ठेवू नका. स्कॉट आणि फुलर या दोघांनी अमेरिकेत बार हार्बरच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं पिल्लांवर काम केलं, ते १९६५ मध्ये प्रसिद्ध झालं. जग ओळखून घेण्याचा काळ पिल्लांमध्ये तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत असतो, हे त्यांनी मांडलं. भुरी त्या काळाच्या थोडी पुढे गेली आहे. दार बंद झालेलं नाही, पण आता घाई करून चालणार नाही.

तिला कडेवर घ्या आणि गेटच्या आत जो कट्टा म्हणालात तिथे बसा. पट्टा आणि दोरी घातलेली असू द्या. स्कूटर गेली, तुकडा. रिक्षा गेली, तुकडा. कुकरची शिट्टी, शाळेची बस, घंटागाडीचं ते गाणं, प्रत्येकाला तुकडा. तुमचं अंतर बरोबर आहे की नाही हे ती खाते की नाही यावरून ओळखायचं. खात असेल तर ठीक. तोंड फिरवलं, ओठ चाटायला लागली, झोप आली नसताना जांभया द्यायला लागली, एक पंजा उचलून धरला, कान मागे चिकटवले, तर तुम्ही फार जवळ आहात. चार पावलं आत या. खायला लागेल. उद्या पुन्हा तिथूनच सुरू करा, कालच्यापेक्षा पुढे गेलंच पाहिजे असं काही नाही.

लसी पुरत्या झाल्या की पुढची युक्ती, आणि हिच्यासारखी दुसरी नाही: चालत बाहेर जायचंच नाही. कडेवर बाहेर जायचं, वीस-तीस पावलांवर खाली ठेवायचं आणि घराकडे चालायला लागायचं. लांब जाताना अडून बसणारी पिल्लं घराकडे तोंड केलं की तुरुतुरु चालतात. तुम्हाला पुढे व्हायची गरजही पडत नाही. रस्ता तोच, स्कूटरी त्याच, पण आता प्रत्येक पाऊल तिला घराजवळ नेतं. दर दिवशी थोडं लांब नेऊन सोडा. मग एक दिवस उतरवल्यावर उलट बाजूला दोन पावलं टाकून बघा.

वाटेत बसली तर काय, हे तुम्ही विचारलंच आहे. बसल्यावर नाकासमोर चिकन धरू नका. कधीतरी चालेल, पण हुशार पिल्लू लवकरच शिकतं की बसलं की चिकन येतं, आणि देशी पिल्लांच्या हुशारीला काही तोड नसते. दोरी सैल करा, ती जिकडे बघते आहे तिकडे तुम्हीही बघा, थांबा. बघून झालं की पुष्कळदा ती स्वतःच उठते. उठून एक पाऊल टाकलं की मग चिकन. नाहीच उठली तर सरळ पुढे न जाता बाजूला वळून चाला, वाकड्या वाटेने पिल्लं लवकर येतात. आणि थरथरायलाच लागली तर उचला आणि मागे या. उचलल्याने भीतीला खतपाणी मिळतं असं सगळे म्हणतात, ते सोडून द्या. मिठीत घेतल्याने भीती वाढत नाही.

वासाला मात्र अडवू नका. तीन मिनिटं एका खांबाला नाक लावून उभी राहिली तर ते बसणं नव्हे, ते तिचं वर्तमानपत्र आहे.

आता पट्ट्याचं. घाबरलेलं पिल्लू मागे सरकून मान काढून घेतं आणि भर रस्त्यात मोकळं होतं, हा खरा धोका. म्हणून बाहेर हार्नेस, म्हणजे गळ्याऐवजी छातीभोवती बांधायचा पट्टा हवा, छातीवर वाय आकाराचा, खांदे मोकळे ठेवणारा. छातीवर आडवी पट्टी असलेला स्वस्तातला हार्नेस खांदा अडवतो, तो टाळा. हार्नेस आणि पट्टा दोन्ही घाला आणि एका छोट्या जोडपट्टीने एकमेकांना जोडा, एक निसटलं तरी दुसरं हातात राहतं. कारवानी जातीचं शिकारी कुत्रं असतं तर वेगळा, ओढल्यावर थोडाच आवळणारा पट्टा लागला असता, कारण त्यांचं डोकं मानेपेक्षा बारीक असतं. भुरीला साधा रुंद पट्टा पुरतो. लीश, म्हणजे हातात धरायची दोरी, पाच-सहा फुटांची. बटण दाबल्यावर लांब होणारी नको, तिच्यात कायम ताण असतो आणि तुम्ही नेमकं सैल दोरी शिकवायला बसला आहात. तुम्ही बोलावणार आहात तो ट्रेनर पहिल्याच दिवशी आवळणारी साखळी घेऊन आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

गेटवरच्या टोळीबद्दल. ती कुत्री आपली हद्द राखतात, भुरी त्यांना नवी आहे. वॉचमनला विचारा ती कुठल्या वेळी कुठे पडलेली असतात, त्यांची दिनचर्या त्याला पाठ असते. दुसरं गेट असेल तर ते वापरा. समोरून येताना दिसली की तुमच्याच हाताने लीश आपोआप घट्ट होते, तेवढं सांभाळा, लांबूनच वळा. कुठे कुत्री व्यायली असेल तर ती गल्ली काही आठवडे विसरून जा. दिवाळीत फटाके सुरू असताना शिकवणं बंद ठेवा, शू घरात कागदावर झाली तरी काही बिघडत नाही. एकूणच शू-शीची घाई आणि चालायला शिकणं एकाच फेरीत नको. उन्हाळ्यात डांबराला हाताचा पाठचा भाग लावून बघा, पाच-सात सेकंद ठेववत नसेल तर तिचे पंजेही भाजतात.

एक शंका मात्र आहे. परवा ती जिन्यातही बसली असं म्हणालात, आणि जिना तर तिच्या ओळखीचा. पंजांच्या बोटांमध्ये गोचीड आहे का, नखं वाढली आहेत का, एखाद्या पायावर भार कमी देते का, हे आज संध्याकाळी बघा. हिरड्या फिक्या वाटल्या, खाणं कमी झालं किंवा अंग गरम लागलं तर शिकवणं बाजूला ठेवून तिला डॉक्टरांकडे न्या आणि रक्त तपासून घ्या. गोचिडतापात पिल्लं अशीच जागच्या जागी बसतात, आणि तो लवकर कळला तर औषधाने बरा होतो.