मॅकोरिनची नक्कल बोलते का?

प्रश्न : मॅडम, मी एम.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सेमिनारसाठी उंदरातल्या मॅकोरिन-1च्या छद्मजनुकावरचा, म्हणजे जनुकाच्या बिघडलेल्या नकलेवरचा, 2003चा शोधनिबंध घेतलाय. ते छद्मजनुक व्यक्त होतं आणि मूळ जनुकाचा आरएनए टिकवतं, असं त्यात आहे. सर म्हणतात, छद्मजनुकं मेलेलीच असतात. खरं काय? शिवाय माझ्या आरटी-पीसीआरमध्ये (आरएनएवरून डीएनए बनवून त्याच्या प्रती वाढवण्याच्या चाचणीत) गॅपडीएच या नेहमी चालू असणाऱ्या, तुलनेच्या जनुकाचा बँड, म्हणजे डीएनएचा पट्टा, आरएनएवरून डीएनए बनवणारं एन्झाइम न घातलेल्या नळीतही येतोय, तोही तेवढ्याच आकाराचा.
– एक वाचक, चोपडा

उत्तर : पोरी, हाच निबंध मी जळगावला तीन वर्षं मनापासून शिकवला. मॅकोरिन-1 हे दुसऱ्या प्रथिनांना युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची चिठ्ठी चिकटवणारं एन्झाइम. त्याचं जनुक उंदराच्या 6व्या गुणसूत्रावर आणि नक्कल 5व्यावर. माशीचं एक जनुक उंदरात घालताना ते नेमकं या नकलेत जाऊन बसलं, आणि पिल्लं मूत्रपिंडाच्या व हाडांच्या विकारांनी दगावू लागली. म्हणजे नक्कलच मूळ जनुकाला सांभाळत होती, असा अर्थ लावला गेला. ‘नेचर’मध्ये आलेलं. मुलांचे डोळे चमकायचे, माझेही.

2006 साली दुसऱ्या गटाने तेच तपासलं. नकलेच्या पुढच्या भागावर आई-वडिलांकडून आलेल्या दोन्ही प्रतींत मिथाइल गट, म्हणजे कुलूप. तिचा आरएनए निघतच नव्हता. जो तिचा समजला गेला, तो मूळ जनुकाचाच एक आखूड आरएनए होता. आणि मॅकोरिन-1 बंद केलेले उंदीर ठणठणीत होते! त्या वर्षी मी जुन्या बॅचच्या मुलांना पत्रं लिहिली. मी जे शिकवलं ते त्यांच्याकडे चुकीचं राहू नये, असं मला फार वाटत होतं.

म्हणून सरांचं म्हणणं मात्र सरसकट घेऊ नकोस. 2008 साली उंदराच्या अंडपेशींत काही छद्मजनुकांचे आरएनए मूळ जनुकाच्या आरएनएशी जोडी जमवून बारीक आरएनए तयार करतात, असं दोन गटांनी दाखवलं. 2015 साली बीरॅफ या काइनेजच्या (प्रथिनांना फॉस्फेट जोडणाऱ्या एन्झाइमच्या) उंदरातल्या नकलेचंही काम असतं असं आलं: ती जास्त बनवली तर लिम्फोमासारखा, म्हणजे लसिकापेशींच्या कर्करोगासारखा, आजार होतो. प्रत्येक नकलेचा पुरावा स्वतंत्र तपासावा लागतो.

आता तुझा बँड. अशी बरीच छद्मजनुकं आरएनएवरून उलटी डीएनएत उतरवली जातात, एल-1 या उड्या मारणाऱ्या घटकाच्या यंत्रणेने. म्हणून त्यांत इन्ट्रॉन (आरएनएतून कापून टाकले जाणारे मधले तुकडे) नसतात, शेवटी ए-ची शेपटी असते, आणि स्वतःचा प्रमोटर (जनुक चालू करणारा भाग) बहुधा नसतो. उंदरात गॅपडीएचच्या अशा शेकडो नकला आहेत. तुझ्या नमुन्यात थोडा जरी डीएनए उरला, तरी प्रायमर (प्रती सुरू करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) त्या नकलांवर बसतात आणि सीडीएनएइतकाच, म्हणजे आरएनएवरून बनवलेल्या डीएनएइतकाच, बँड देतात. इन्ट्रॉन ओलांडणारे प्रायमर घेतलेस म्हणून इथे सुटका नाही.

डीएनेज, म्हणजे डीएनए तोडणारं एन्झाइम, दे. डीएनए बनवणारं एन्झाइम नसलेली नळी प्रत्येक नमुन्याला ठेव, एकालाच नको. प्रायमर बदलताना मूळ आणि नकला शेजारी मांडून, जिथे अक्षरं वेगळी आहेत तिथे प्रायमरचं 3′ टोक, म्हणजे जिथून प्रत पुढे वाढते ते टोक, येऊ दे. आणि बँड कापून सिक्वेन्स करून घे, म्हणजे त्यातली अक्षरं वाचून घे. कोण बोलतंय ते त्याशिवाय कळणार नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात आरएनए बर्फावरून खाली ठेवू नकोस. डीएनेजनंतर तो नासला तर सगळं पुन्हा करावं लागेल. सेमिनारला 2006चा निबंधही बरोबर ने.