चिमणी या पक्ष्याचं नाव दिव्याला आणि धुराड्याला कसं पडलं?

तुम्ही विचारलंय की रॉकेलच्या दिव्याला आणि गिरणीच्या धुराड्याला पक्ष्याचं नाव का दिलं. माझं उत्तर असं, की दिलंच नाही. उच्चार एक झाला असला तरी हे दोन वेगळे शब्द आहेत. मला ते पटलं शेजारच्या अव्वांमुळे.

आमची सोलापूरची गल्ली तीन भाषांची. आम्ही मराठी, शेजारी कानडी, समोर तेलुगू बोलणारे पद्मशाली. अंगणात दाणे टिपायला यायची ती आमची चिमणी, अव्वांची गुब्बी, समोरच्यांची पिच्चुका. पण वीज गेली की अव्वाही सुनेला हाक मारून चिमणीच लावायला सांगायच्या. कानडीत त्या दिव्याला 'चिमणी बुड्डी' म्हणतात. ज्यांच्या भाषेत त्या पक्ष्याला चिमणी म्हणतच नाहीत, त्यांच्याही दिव्याचं नाव चिमणी! मग ते पक्ष्यावरून कसं आलं असेल?

ते आलं इंग्रजी 'चिमनी'वरून. तिच्यामागे फ्रेंच, त्यामागे लॅटिन 'कामिनुस' आणि ग्रीक 'कामिनोस', म्हणजे भट्टी. ज्योतीभोवतीच्या काचेच्या नळीलाही इंग्रजीत चिमनीच म्हणतात, कारण ती धुराड्यासारखी वरून उघडी असते आणि हवा वर ओढते. आपल्याकडे ते नाव काचेवरून अख्ख्या दिव्यावर गेलं, इतकं की पत्र्याच्या डबीत नुसती वात घातलेला, बिनकाचेचा दिवाही चिमणीच.

पक्ष्याचं नाव मात्र अस्सल आपलं. चिमणा म्हणजे नर पक्षी, आणि चिमणा म्हणजे लहानगासुद्धा: चिमणा जीव, चिमणी पावलं. दुसऱ्या बाजीरावाचा जो भाऊ १७९६मध्ये काही काळ पेशवेपदावर बसला, त्याचं नावच चिमणाजी. सोलापूरची पहिली कापड गिरणी, आमची 'जुनी मिल', त्यानंतर ऐंशीएक वर्षांनी, १८७७ साली आली; म्हणजे आमच्याकडे गिरणीचं धुराडं दिसण्याआधीच हा शब्द होता. आणि शाळेतले चिमणीचे दात आठवतात ना? आवळा सदऱ्याच्या टोकात गुंडाळून चावायचा आणि अर्धा मित्राला द्यायचा. मध्ये कापड असलं की उष्टं होत नाही, हा आमचा कायदा. एवढी माया त्या शब्दात आधीच होती, म्हणून इंग्रजीतून आलेला शब्द त्यात सहज मिसळून गेला असं मला वाटतं. मिणमिणणारा इवलासा दिवा, त्याला चिमणी म्हणताना कुणालाच परकं वाटलं नसणार.

आमच्या गावात अलीकडे मात्र 'चिमणी' म्हटलं की एकच आठवते. सिद्धेश्वर साखर कारखान्याची ती उंच चिमणी होटगी रस्त्यावरच्या विमानतळाला अडथळा ठरते की नाही, यावर वर्षानुवर्षं वाद चालला आणि १५ जून २०२३ रोजी ती पाडली. त्या दिवशी घरात सगळे तेच बोलत होते. माझी चार वर्षांची भाची ऐकत होती. रडवेली होऊन तिनं विचारलं, "मामा, मग तिची पिल्लं?" समोरच्या घरातली तिच्याच वयाची मैत्रीण शेजारीच बसली होती. तिला असं काही वाटलं नाही. तिच्या घरी पाडली ती चिमणी, आणि पिल्लं असतात ती पिच्चुकाला.